दिसला, नाय दिसला, ऐकला

गेल्या वर्षी दुसऱ्याच कुठल्याशा ताऱ्याकडून एक धूमकेतू आपल्या सूर्यमालेत घुसला आणि आला तसा निघूनही चालला. तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत तीन दिवस दुसरा विषय नव्हता. तो धूमकेतू नसून परग्रहावरच्या मंडळींचं यान आहे, असं गणिताच्या सरांना व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं होतं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुरबाड तालुक्यातल्या या शाळेत बदलून येण्याआधीच माझी कीर्ती इथे पोचली होती. आकाशाबद्दल काहीही विचारा, हा माणूस अर्धा तास बोलतो आणि मध्ये पाणीसुद्धा पीत नाही, अशी ती कीर्ती.

मी म्हणालो, "मोजणारे म्हणतात धूमकेतू आहे. मी पाहिलेला नाही."

इंग्रजीच्या मॅडमनी काळजीने विचारलं, "सर, बरं वाटत नाहीये का?"

मला बरं वाटत होतं. किंबहुना मी बरा झालो होतो, आणि मला बरा करणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो सापगावातला माझा घरमालक होता; त्यांना मी काका म्हणायचो.

मुरबाडला येण्याआधी सापगावजवळच्या एका शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा खोली शोधत मी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगात खाकी सदरा होता. सदऱ्याच्या वरच्या काज्यातून एक दोरी निघाली होती आणि दोरीच्या टोकाला पेन्सिल बांधलेली होती. धरणावर नोकरीला असताना एकदा पेन्सिल पाण्यात पडली होती, तेव्हापासूनचा हा बंदोबस्त. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्याखाली दिनदर्शिका आणि खिळ्याला लटकवलेली एक जाडजूड वही. भाडं, डिपॉझिट, मी लग्न केलंय का, हे काही त्यांनी विचारलं नाही.

"मास्तर, कंचा विषय शिकवता?"

"विज्ञान."

"मग चंद्र किती लांब हाय?"

असले प्रश्न म्हणजे माझ्यासाठी पेढे. मी म्हणालो, "तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर."

"कोनी मोजला?"

"शास्त्रज्ञांनी."

"ता झाला. कशानं मोजला?"

मी घसा खाकरून म्हणालो, "तशी ती बरीच मोठी प्रक्रिया असते."

"म्हंजी तुमाला म्हाईत नाय," ते म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, नोंद केल्यासारखं म्हणाले. "खोली घ्या. पन म्हाईत नसला तर नाय म्हनत जा. त्याचा काय येगला भाडा पडत नाय."

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर शोधलं. चंद्रावर गेलेली माणसं तिथे आरसे ठेवून आली आहेत, त्यांच्यावर इथून लेझरचा झोत सोडतात आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. सकाळी चहाच्या वेळी मी हे सगळं, जणू मला जन्मापासून ठाऊक असल्याच्या थाटात सांगितलं. काका खूश झाले. "आरसा ठेवून आलं? बेस केला." मग खिळ्यावरची वही काढून त्यांनी त्यात काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. पानावर तीन खाने आखलेले होते: दिसला, नाय दिसला, ऐकला. माझा आरसा तिसऱ्या खान्यात गेला होता.

"पण काका, हे खरं आहे."

"असंल ना. मी कवा खोटा बोललो? आमच्या बापानं दीक्षा घेतली तवा आमाला एकच गोष्ट सांगितली. कोन बोलतो म्हनून मानायचा नाय. पोथीत लिवला म्हनून बी नाय. सोता बगायचा." मग जरा थांबून म्हणाले, "आता पोथीचा नाय मानत, तर मास्तरचा कसा मानायचा?"

काका धरणावर पाण्याची पातळी वाचायचे. रोज सकाळी भिंतीवर रंगवलेल्या आकड्यांच्या पट्टीसमोर उभं राहायचं आणि पाणी कुठवर आलं ते रजिस्टरात लिहायचं. हे काम कुणीही करील, असं मला वाटायचं. पाणी असतं, पट्टी असते, आकडा असतो. त्यावर त्यांनी एकदा मला तासभर ऐकवलं. पाणी कधी स्वस्थ नसतं. लाट वर जाते, खाली येते. तीन लाटा बघायच्या आणि मधला आकडा धरायचा. पावसाळ्यात धरण भरत आलं की दोघांनी वाचायचं, एकमेकांना न सांगता चिठ्ठीवर लिहायचं आणि मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आधी एकाने आकडा उच्चारला, की दुसऱ्याला पट्टीवर तोच दिसतो. आणि चुकलेला आकडा रबराने खोडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला खरा आकडा आणि चुकणाऱ्याची सही.

ही पद्धत त्यांनी घरातही आणली होती. आमटीत मीठ बरोबर आहे का, हे त्यांनी आणि काकूंनी वेगवेगळं चाखून चिठ्ठीवर लिहावं, असा प्रस्ताव त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मांडला होता म्हणे. काकू मला सांगताना अजून हसायच्या. "मी बोलले, माजी चिठी चुलीत गेली. आता गप जेवा."

त्यांच्या नोकरीतली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. एका सकाळी धुकं असं दाट पडलं होतं, की भिंत आहे की नाही तेसुद्धा कळेना. काका दहा वाजेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि रजिस्टरात लिहिलं, 'दिसले नाही.' वरचे साहेब खवळले. कालचा आकडा होता, परवाचा होता, त्यावरून अंदाज लिहायला काय हात मोडला होता का? काका म्हणाले, अंदाज तुम्ही लिहा, मी खाली सही करणार नाही. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला होता. लोक मुलांची बक्षिसं दाखवतात तसा ते तो पाहुण्यांना दाखवायचे.

म्हसाच्या जत्रेत तर त्यांच्याबरोबर जायची मला भीती वाटायची. बैल विकत घ्यायचा नाही, घरी गोठासुद्धा नाही, पण प्रत्येक बैलाच्या तोंडात हात घालून वय ताडायला दात मोजायचे. "मालक चार दाती बोलतो, हित सहा हायत," असं मोठ्याने म्हणायचे. दोनदा आम्हाला अक्षरशः हाकललं. दुसऱ्या वेळी मी, जणू या माणसाला ओळखत नाही, असा चेहरा करून घोंगड्यांच्या दुकानात शिरलो.

अशा माणसाला मी रोज सकाळी अंतराळातल्या बातम्या सांगत असे. खरं म्हणजे मला श्रोता हवा होता. शाळेच्या फळ्यावर मी 'आजचं आकाश' लिहायचो, पण मुलं ते वाचत नसत आणि मुख्याध्यापक फक्त अक्षर सुवाच्य आहे म्हणायचे. काका मात्र सगळं ऐकायचे आणि एकाच प्रश्नाने मला आडवं करायचे.

आपलं यान चंद्राच्या दक्षिण भागात उतरलं, तेव्हा शाळेत टीव्ही लावला होता. काकाही आले. उतरल्याचं जाहीर झालं तसं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काका खाकी बाहीने डोळे पुसताना मी पाहिले. घरी येऊन त्यांनी ते 'ऐकला'मध्ये लिहिलं. मी चिडलो. म्हणालो, डोळ्यांनी पाहिलंत की! ते म्हणाले, "टीवी बगितला." पण त्यानंतर चंद्रावर रात्र झाली, तिथल्या छोट्या गाडीला झोपवलं आणि पुन्हा ऊन पडल्यावर ती जागी होते का याची सगळे वाट पाहू लागले, तेव्हा काकांनी जी चौकशी केली तशी कुणी केली नसेल. रोज सकाळी दार वाजवून, शेजारच्या आजारी माणसाची विचारपूस करावी तसं विचारायचे, "मास्तर, उठला का तो?" मी म्हणायचो, नाही. "थंडी लय असंल," असं म्हणून जायचे. बातम्या थांबल्या, लोक विसरले, पण हा प्रश्न दिवाळीपर्यंत चालू होता.

विश्वातला बहुतेक पदार्थ दिसतच नाही, तो काय आहे ते अजून कुणालाही ठाऊक नाही, हे मी सांगितलं त्या दिवशी त्यांना विलक्षण आनंद झाला. "मग तेंनी लिवला का तसा? म्हाईत नाय म्हनून?"

"हो, उघड सांगतात."

"मग मानसं बरी हायत," ते म्हणाले. एवढं प्रशस्तिपत्र त्यांनी मला कधी दिलं नाही.

आणि विश्व किती वेगाने पसरतंय, हे दोन वेगवेगळ्या रीतींनी मोजलं तर दोन वेगळी उत्तरं येतात आणि त्यावरून मोठमोठ्या लोकांत वाद आहे, हे सांगताना मी म्हणालो, "तुम्हाला हे कळायला जरा अवघड आहे." मी असं म्हणालो, हे आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. काका म्हणाले, "आमच्या तलावाला दोन पट्ट्या व्हत्या. ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक. वारा सुटला की दोगींत चार बोटांचा फरक. पट्टी चुकली नाय, पानी ढकलला गेला. कलत नाय तवर दोनी आकडे लिवून ठेवायचं, वाद नाय घालायचा." त्या वादावर मी नंतर इंटरनेटवर भली लांब भाषणं ऐकली. इतकं नेमकं मला कुणी समजावून दिलं नाही.

पण त्या वहीतली खरी दुखरी जागा होती मधल्या खान्यात. 'धूमकेतू. नाय दिसला.' असं तिथे दोनदा लिहिलेलं होतं. काका तरुण असताना एक प्रसिद्ध धूमकेतू येऊन गेला. गावातल्या प्रत्येकाने तो पाहिल्याचं सांगितलं. काका आठ दिवस पहाटे उठले आणि त्यांना धुक्याशिवाय काही दिसलं नाही. पुढे दहा-अकरा वर्षांनी आणखी एक आला, म्हणे झाडूएवढा मोठा, तेव्हा ते टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. आता त्यांचे डोळे चालले होते. काचबिंदूने डाव्या डोळ्याची नजर गेली होती आणि उजव्याची कडेकडेने विझत आत येत होती. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "सगला नळीतून बगितल्यासारखा दिसतंय," काका म्हणायचे. "नळी बारीक व्हत चाललीय." मरायच्या आधी नव्हे, आंधळं व्हायच्या आधी एकदा 'दिसला'च्या खान्यात धूमकेतू लिहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि पुढच्या वर्षी दसऱ्याला धूमकेतू आला. संध्याकाळी, पश्चिमेला, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा. मी उतावीळ झालो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे लोक असतात, मी हळकुंड दुकानात पाहूनच पिवळा झालो. शाळेच्या मैदानावर 'धूमकेतू दर्शन सोहळा' जाहीर केला. फलक छापून आला, त्यावर धूमकेतूपेक्षा माझा फोटो मोठा होता. तो लहान करा असं मी म्हणालो नाही, हेही इथे नोंदवतो.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी अख्खं गाव मैदानावर लोटलं. मुख्याध्यापक, पंचायतीची माणसं, एक वार्ताहर. सूर्य तानसा तलावाच्या बाजूच्या डोंगरांमागे गेला. आकाश धुरकट होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चहा संपला. "सर, कुठाय?" मुख्याध्यापकांनी तिसऱ्यांदा विचारलं. आकाशात काय कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये होतं, पण माझा फोन मुख्याध्यापकांच्याच हातात होता. ते माझा व्हिडिओ काढत होते.

तेवढ्यात मला दिसलं. डोंगरावर, जरा डावीकडे, एक लखलखीत ठिपका आणि त्याच्या डोक्यावर उभी, छोटीशी, पांढरी शेपूट. मी ओरडलोच. "तो बघा! तो बघा!" सगळं मैदान एका आवाजात म्हणालं, "दिसला!" टाळ्या वाजल्या. मी काकांना हाताला धरून पुढे आणलं, त्यांचे खांदे वळवले, मान नीट केली.

"त्या विजेच्या खांबाच्या डाव्या अंगाला. दिसतोय?"

"मास्तर, नक्की?"

"शंभर टक्के."

ते बराच वेळ बघत राहिले. मग फार हळू म्हणाले, "दिसला." थोड्याच वेळात ढगाचा एक पट्टा आडवा आला आणि मी धूमकेतू मावळल्याचं जाहीर केलं. काकांनी वही आणली होती. उभ्याउभ्या त्यांनी 'दिसला'च्या खान्यात नोंद केली. घरी काकूंनी तांदळाची खीर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच मैदानावर गेलो, आपल्या पराक्रमाची जागा पुन्हा पाहावी म्हणून. ठिपका तिथेच होता. शेपूट नव्हती. मी अ‍ॅप उघडलं. तो शुक्र होता. गेले कितीतरी दिवस रोज तिथेच असलेला, गुराख्यांनाही ओळखता येणारा शुक्र. त्याच्या डोक्यावर जी शेपूट होती ती एखाद्या विमानाच्या धुराची असणार, मुंबईकडे येणारी-जाणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. खरा धूमकेतू उजवीकडे, बऱ्याच अंतरावर होता. आदल्या संध्याकाळी मैदानातून पाहिलं तर तो बरोबर शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे येत होता. दोनशे माणसांना मी टाकीआड उभं करून शुक्र दाखवला होता.

त्याच दिवशी पेपरात बातमी आली. फोटोत मी बोट दाखवतोय.

मी कुणालाही सांगितलं नाही. मनाशी कारणं तयार केली: लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल, मुलांचा हिरमोड होईल, झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं कारण एकच होतं, माझी फजिती होईल. आणि फजितीची भीती माणसाला किती खाली नेते ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. काका संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाले, "मास्तर, चला, परत एकदा बगू." आकाश स्वच्छ होतं. मी वर पाहिलं आणि म्हणालो, "आज ढग आहेत."

त्यांनी मान वर केली, त्यांच्या त्या बारीक नळीतून काहीतरी पाहिलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला. वहीत लिहिलं, 'ढग. नाय दिसला.' उभ्या आयुष्यात ज्याने न पाहिलेला आकडा लिहिला नाही, त्याच्या वहीत मी तीन दिवसांत दोन खोट्या नोंदी घातल्या होत्या. साहेबांना जे मेमो देऊन जमलं नाही ते मी गोड बोलून करून दाखवलं होतं.

पुढचे दिवस मी मान खाली घालून जेवलो. धूमकेतू रोज लांब चालला होता, पुसट होत होता. आणखी आठवड्याने तो असून नसल्यासारखा झाला असता, म्हणजे माझी सुटका झाली असती. मी चक्क त्याची वाट पाहत होतो.

एके दिवशी काका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. काकूंनी विचारलं, "काय बोलला डाक्टर?"

"काय बोलनार? नळी अजून बारीक झाली." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "जाऊ दे आता. गेलं तरी चालंल. एक तरी दिसला ना!"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"काका," मी म्हणालो, "तो शुक्र होता."

काकूंचा हात आमटीच्या पातेल्यात थांबला. काका माझ्याकडे वळले. मी त्यांच्या नळीत नीट येईपर्यंत त्यांनी मान हलवली.

"आनि शेपूट?"

"विमानाचा धूर."

"आनि ता ढग?"

"ढग नव्हते."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, मी नक्की इचारला व्हता." आयुष्यात मला लोक बरंच काही बोलले आहेत, पण त्या वाक्याइतकं मला काही लागलेलं नाही.

मग हात धुऊन ते उठले, खिळ्यावरची वही घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडली. "रेग मारा. खालचा वाचता आला पायजे. बाजूला खरा काय ता लिवा, आनि सही." पेन्सिल त्यांच्या छातीवर, दोरी जेमतेम वीतभर. त्यामुळे मला त्यांच्या पुढ्यात वाकूनच लिहावं लागलं. 'चूक. शुक्र.' सही. 'चूक. आकाश स्वच्छ.' सही.

"खीर खाल्ली ती बी खोडायची काय?" त्यांनी काकूंना विचारलं. काकू हसल्या नाहीत. मीही हसलो नाही. त्यांना मात्र जरा बरं वाटलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "खरा हाय का अजून वर?"

"आहे. पण पुसट झालाय. दुर्बीण लागेल."

"मग भाकर खावा. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावावरच्या माळावर गेलो. कोजागिरी होऊन गेली होती, चंद्र आठनंतर उगवायचा, म्हणजे साताच्या पुढे तासभर चांगला अंधार मिळणार होता. काकांनी एक बांबू रोवला आणि माझी दुर्बीण सुतळीने त्याला आवळून बांधली. "नळीत नळी," ते म्हणाले. अंधार पडल्यावर मी अ‍ॅपवर जागा पाहिली, दुर्बीण वळवली, एक पुसट पांढुरकं काहीतरी चमकून गेलं, आणि मी बाजूला झालो.

"काका, आता बघा. मधोमध कापसासारखं पुसट दि—"

"सांगू नका!" ते असे ओरडले, की मी दचकलो. "काय दिसायला पायजे ता सांगू नका. मग मला ताच दिसंल. मागल्या टायमाला तेच झाला." त्यांनी वहीतून दोन कोरे कागद काढले. "आता परत बगा आनि तिकडं जाऊन काडा. मी हित काडतो. मग दोनी उगडू."

धरणाची पद्धत. मी दुर्बिणीला डोळा लावला, आहे जागेवर हे पाहिलं, आणि दहा पावलं लांब जाऊन खिशातल्या पेनाने चित्र काढलं. माझा हात बरा आहे. अर्ध्या मिनिटात झालं. काका मात्र बघतच राहिले. मोडक्या कंबरेने वाकून, एक डोळा मिटून, श्वास धरून. मध्येच डोळा पुसायचे आणि पुन्हा लावायचे. पंधरा-वीस मिनिटं झाली. मी देवाला मानत नाही, काकाही मानत नाहीत, तरी मी मनातल्या मनात कुणाला तरी म्हणत होतो, एवढ्या एका माणसाला दिसू दे.

शेवटी त्यांनी कागद मांडीवर घेतला, काहीतरी खरडलं आणि हाक मारली. मी मोबाईलचा उजेड धरला. चिठ्ठ्या उघडल्या.

माझ्या चिठ्ठीवर झकास धूमकेतू होता. गोल डोकं आणि कागदभर पसरलेली, मोरपिसासारखी शेपूट. त्यांच्या चिठ्ठीवर दोन ठिपके होते, त्यांच्या खाली जरा उजवीकडे पेन्सिल घासून बोटाने पुसल्यासारखा एक डाग. बस.

नाही दिसला म्हणायचा यांना.

"तुमची शेपूट मोटी हाय, मास्तर."

"असतेच ती."

"असते ता बराबर. दिसली का?"

मी उत्तर द्यायचं टाळलं. "काका, हे दोन ठिपके कसले?"

"दोन तारं. तेच्या वरच हायत, एक मोटा, एक बारीक. तुमाला नाय दिसलं?"

मला नव्हते दिसले. त्या पुसट चमकेपलीकडे मला काहीच दिसलं नव्हतं. आदल्या रात्री मोबाईलवर पाहिलेला, कुणीतरी मोठ्या दुर्बिणीतून काढलेला फोटो मी तंतोतंत उतरवून ठेवला होता. समोर खरा धूमकेतू होता, पुन्हा हजारो वर्षांत इकडे न फिरकणारा, आणि मी त्याला अर्धं मिनिटसुद्धा दिलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मी फोटोतला काढला."

काकांनी मान डोलावली. वही उघडली आणि उजेड जवळ धरायला सांगितला. 'दिसला'च्या खान्यात, माझ्या दोन सह्यांच्या खाली, एकेक अक्षर सावकाश लिहिलं: 'धूमकेतू. दिसला. शेपूट नाय.' लिहून झाल्यावर त्या ओळीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'मास्तर. बगितला नाय, आठवला.'

"सही," ते म्हणाले.

मी पुन्हा वाकलो आणि त्यांच्या छातीवरच्या पेन्सिलीने सही केली. वर पाहिलं तर काका हसत होते. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो, पण तसं हसताना त्यांना पाहिलं नव्हतं.

आता त्यांची नळी पूर्ण बंद झाली आहे. दर रविवारी मी मुरबाडहून फोन करतो. ते विचारतात, "मास्तर, काय दिसला?" मी सांगतो आणि काकू ते वहीत लिहितात. त्यांच्या बाजूने सगळं 'ऐकला'तच जातं. त्या दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या पाहुण्याबद्दल मी 'मला नाही दिसला' म्हणालो, तेव्हा ते 'बेस' म्हणाले होते.

पण त्या संध्याकाळी, सही झाल्यावर त्यांनी मला दुर्बिणीपाशी ढकललं. "अजून चंद्र वर आला नाय. आता बगा. चिठी नको, काय नको, नुसता बगा."

मी डोळा लावला आणि तसाच राहिलो. आधी काहीच नव्हतं. मग एक तारा दिसला, मग त्याच्याजवळचा बारीक तारा. बऱ्याच वेळाने त्यांच्या खाली, जरा उजवीकडे, पेन्सिलीने घासून बोटाने पुसल्यासारखा एक डाग दिसला. शेपूट मलाही दिसली नाही.